लेबर इकॉनॉमिस्ट व्हायचे तर आकड्याचा माग काढा

वर्षातून दोनदा सरकारी नोकरदारांच्या घरात एकच चर्चा रंगते, डीए किती टक्क्यांनी वाढणार? हा महागाई भत्ता ज्या आकड्यावर ठरतो, तो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम ब्युरो दर महिन्याला काढतो. या ब्युरोची कार्यालये सिमला आणि चंदीगडला आहेत. निर्देशांकात धान्याला किती वजन द्यायचे, घरभाड्याला किती, दवाखान्याला किती, हे कुणाच्या मनावर नसते. कामगारांच्या कुटुंबांना घरोघर जाऊन खर्च विचारला जातो आणि त्यावरून वजने ठरतात. २००१ हे पायाभूत वर्ष होते तेव्हा खाण्यापिण्याचे वजन ४६.२ टक्के होते. २०१६ हे पायाभूत वर्ष झाल्यावर ते ३९.१७ टक्क्यांवर आले. एवढ्या एका बदलाचा परिणाम लाखो पगारपत्रकांवर होतो.

असे आकडे तयार करणे, तपासणे आणि त्यांच्या आधारे धोरण सुचवणे हा लेबर इकॉनॉमिस्टचा, म्हणजे श्रम-अर्थतज्ज्ञाचा धंदा. अर्थशास्त्राच्या मुलामुलींना पुढे काय करणार असे विचारले, तर बँक, एमपीएससी, एमबीए अशी उत्तरे येतात. या क्षेत्राचे नाव क्वचितच ऐकू येते. वास्तविक देशात रोजगाराचा प्रश्न जितका बोलला जातो, त्या मानाने तो नीट मोजू शकणारी माणसे थोडी आहेत. विद्यापीठ आणि सरकार या इथल्या दोन मुख्य वाटा. दोन्हींकडे टिकायला एकच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते, ती म्हणजे हातातला आकडा कुठून आला याचा उगमापर्यंत माग काढता येणे.

हे क्षेत्र आपल्याला परके नाही

मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी त्याचे ‘लेबर गॅझेट’ निघू लागले. गिरणगावातल्या कामगाराला मजुरी किती मिळते आणि ती कशावर जाते, याची पद्धतशीर नोंद तिथून होऊ लागली. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ मध्ये, द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या उद्योगांतील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली.

आज विषय बदलले आहेत, प्रश्न तितकेच खरे आहेत. बीडहून निघणारा कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारे जोडपे, उचल घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातो. त्या जोडप्याची मजुरी किती, कर्ज किती? माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने जे संरक्षण मिळाले, त्याचे आज काय उरले आहे? इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर कोण काम करते? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला. मग डिलिव्हरी करणाऱ्या पोराला कामगार म्हणायचे की स्वतंत्र व्यावसायिक? यातला एखादा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर पुढचे वाचा.

आकडा उंबऱ्यावर तयार होतो

राष्ट्रीय नमुना पाहणीचा अन्वेषक टॅबलेट घेऊन मराठवाड्यातल्या एका घरी आला आहे असे समजा. घरच्या बाईंना तो विचारतो, “तुम्ही काही काम करता का?” त्या सांगतात, “नाही, घरीच असते.” अन्वेषक घाईत असेल तर ९२ हा कोड टाकतो. या कोडचा अर्थ फक्त घरकाम, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. त्याच बाई सरपण आणि चारा गोळा करतात असे नोंदले, तर कोड ९३, तरीही श्रमशक्तीच्या बाहेरच. पण अन्वेषकाने आणखी दोन प्रश्न विचारले आणि कळले, की दारात दोन म्हशी आहेत, त्यांचे सगळे बाईच बघतात, दूध डेअरीला जाते आणि सोयाबीनच्या खुरपणीला त्या रोज रानात असतात. मग कोड २१ लागतो, घरच्या उद्योगात बिनपगारी मदत. आता त्याच बाई ‘रोजगारात’ आल्या. त्यांचे आयुष्य तसूभर बदलले नाही, राष्ट्रीय आकडेवारी मात्र बदलली.

आवर्ती श्रमशक्ती पाहणी, म्हणजे पीएलएफएस, एप्रिल २०१७ पासून सुरू आहे. तिच्यानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. बातमी एवढ्यावर थांबते, श्रम-अर्थतज्ज्ञाचे काम इथून सुरू होते. याच काळात एकूण रोजगारात स्वयंरोजगाराचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला. स्त्रियांच्या सहभागातली वाढ मोठ्या प्रमाणात ग्रामीण भागातली आणि स्वयंरोजगारातली आहे. मग ही वाढ नव्या संधीमुळे, घरची ओढाताण वाढल्यामुळे की प्रश्न अधिक नेटाने विचारले गेल्यामुळे? तिन्ही शक्यता वेगवेगळ्या करून तपासणे याला संशोधन म्हणतात.

बेरोजगारीचेही तसेच. गेल्या वर्षभराचा ‘नेहमीचा दर्जा’ विचारला, तर २०२३-२४ चा दर ३.२ टक्के येतो. त्यात मुख्य कामाखेरीज वर्षात ३० दिवस वा अधिक केलेले दुय्यम कामही धरले जाते. ‘चालू साप्ताहिक दर्जा’ घेतला, तर आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात मोजला जातो. दोन व्याख्यांचे दोन दर येतात आणि दोन्ही बरोबर असतात. टीव्हीवर भांडणारे बहुतेक जण वेगवेगळ्या व्याख्येवर उभे राहून भांडत असतात. तुम्हाला त्या पाठ हव्यातच, शिवाय कोणत्या प्रश्नाला कोणती लावायची हेही कळायला हवे.

शिक्षणाची पायरी

बारावीपर्यंत गणित ठेवले असेल तर उत्तम. सोडले असेल, तर बीएच्या तीन-चार वर्षांत कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि संभाव्यता स्वतंत्रपणे शिकून घ्या, कारण चांगल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा गणितावरच चाळणी लावतात. एमएसाठी पुण्याची गोखले संस्था, मुंबई विद्यापीठाची मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था या जवळच्या जागा. बाहेर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू, भारतीय सांख्यिकी संस्था, तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज. कामगार संबंध आणि कायद्याची बाजू जवळून बघायची असेल, तर टीआयएसएस आहे, परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे.

अभ्यासक्रमात काय घ्यायचे? इकॉनॉमेट्रिक्स पक्के हवे. त्याबरोबर श्रम अर्थशास्त्र, विकास अर्थशास्त्र आणि नमुना पाहणीचे शास्त्र. हा तिसरा विषय अनेक विद्यापीठांत सांख्यिकी विभागात शिकवतात, तिथे जाऊन बसा. आर किंवा स्टाटा यांपैकी एक तरी हातात बसले पाहिजे. कामगार कायद्यांची ओळखही हवी. २९ कायदे मिळून चार संहिता झाल्या आहेत आणि त्या नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ‘वेतन’ या शब्दात काय काय धरायचे, याची संहितेतली व्याख्या बदलली की भविष्यनिर्वाह निधीपासून ग्रॅच्युइटीपर्यंत सगळे हिशेब हलतात. ही व्याख्या मुळातून न वाचता वेतनावर मत देऊ नये.

विद्यापीठाची वाट

इथला पाया पीएचडी. नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट ही पात्रता आणि जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपयांची शिष्यवृत्ती. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे. कागदावर हे चांगले दिसते. अडचण जागांची आहे. पूर्णवेळ भरती रखडते आणि अनेक पात्र उमेदवार वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. संशोधन प्रकल्पांवर जागा मिळतात, पण प्रकल्प संपला की नोकरी संपते. घरून काही काळ आधार मिळणार आहे का, हा प्रश्न पीएचडीला नाव घालण्यापूर्वीच घरात बोलून घ्या. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावाइतकेच त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आज काय करतात, हे विचारा.

या वाटेचे बळ म्हणजे प्रश्न तुमचा असतो. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी असाच एक प्रश्न घेतला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड दुकानांना वाढीच्या आधी आणि नंतर गाठून किती माणसे कामाला आहेत ते विचारले. वेतन वाढवले की नोकऱ्या जातात, हे पाठ्यपुस्तकातले गृहीतक तिथे खरे ठरले नाही. १९९४ च्या त्या लेखावर पुढे कित्येक वर्षे वाद झाले. कार्ड यांना २०२१ चे नोबेल मिळाले तेव्हा या कामाचा उल्लेख झाला. यातली कल्पना साधी आहे आणि आपल्याकडेही वापरता येते. दोन राज्यांच्या सीमेवर, दोन निरनिराळ्या किमान वेतन-विभागांच्या कडेला अशा तुलना उघड्या पडलेल्या आहेत.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर रोजगार हमीचे घ्या. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जे मांडले, त्यात गरिबांना सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह होता. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात ती कसाला लागली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर यांनी पुढे हमीच्या कामावर येणाऱ्या बायकांचाच अभ्यास केला. योजना सुचवणारे, राबवणारे आणि ती खरोखर कोणापर्यंत पोचली हे तपासणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक एकाच राज्यात होते. केंद्राचा २००५ चा कायदा या अनुभवावर उभा राहिला.

सरकारची वाट

केंद्रात येण्याचा सरळ रस्ता म्हणजे भारतीय आर्थिक सेवा, आयईएस. ही सेवा १९६१ पासूनची. यूपीएससीची स्वतंत्र परीक्षा असते, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३० आणि नियमानुसार सवलत. लेखी हजार गुणांची. सामान्य इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, अर्थशास्त्राचे चार पेपर प्रत्येकी २००. मुलाखत २०० गुणांची. जागा फार कमी, काही वर्षी दहा-बारा, काही वर्षी पंचवीस-तीस. त्यामुळे केवळ याच परीक्षेवर चार वर्षे लावू नका, एमए-पीएचडीच्या अभ्यासाबरोबर ती द्या. अभ्यास बराचसा एकच आहे. निवड झाल्यावर वेतन स्तर १० पासून सुरुवात, मूळ वेतन ५६,१०० रुपये.

सांख्यिकीची पदवी असेल तर त्याच धर्तीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, विधिमंडळात मांडली जाणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ तिथेच तयार होते. संशोधन सहायक, सांख्यिकी सहायक, अन्वेषक या तिथल्या पदांना कमी लेखू नका. उंबऱ्यावर कोड कसा पडतो, हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याची पुढची सगळी विश्लेषणे वेगळी होतात. नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था ही श्रम मंत्रालयाची स्वायत्त संस्था, संशोधन आणि सरकार यांच्या मधली जागा. नीती आयोगात आणि मंत्रालयांत यंग प्रोफेशनल म्हणून करारावरही शिरता येते.

सरकारातला दिवस कसा असतो? सकाळी संसदेतल्या तारांकित प्रश्नाचे उत्तर, दुपारी दुसऱ्या खात्याच्या प्रस्तावावर अभिप्राय, संध्याकाळी सचिवांसाठी टिपण. प्रश्न तुम्ही निवडत नाही आणि मुदत उद्याची असते. उपलब्ध आकड्यांत सर्वात भरवशाचा कोणता, हे तासाभरात सांगता आले पाहिजे. तुमचे नाव कुठेच छापले जात नाही. उलट, तुमच्या एका परिच्छेदाने काही कोटी लोकांच्या मजुरीवर परिणाम होऊ शकतो.

मजुरीचेच बघा. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाची चौकट घालून दिली. नवरा, बायको, दोन मुले मिळून तीन ‘उपभोग एकके’, म्हणजे पुरुष १, बाई ०.८, प्रत्येक मूल ०.६. दर एककाला २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, वर घरभाडे, इंधन आणि इतर खर्च. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी अशा गरजांसाठी २५ टक्क्यांची भर घालायला सांगितली. मग २०१९ मध्ये गिरी संस्थेतल्या अनूप सत्पथी यांच्या समितीने ३.६ एकके, २,४०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम स्निग्धांश अशी नवी मांडणी करून जुलै २०१८ च्या किमतींनुसार दिवसाला ३७५ रुपये असे राष्ट्रीय किमान वेतन सुचवले. कष्टाच्या कामाला किती कॅलरी लागतात, बाई ०.८ का, सासू-सासरे एककात का नाहीत, यातल्या प्रत्येक प्रश्नात अर्थशास्त्र आहे, आहारशास्त्र आहे आणि राजकारणही आहे. असा कागद तयार करणाऱ्याला तिन्हींचे भान लागते.

ये-जा करता येते

एकदा एका वाटेला लागलो की दुसरी बंद, असे नाही. धनंजयराव गाडगीळ गोखले संस्थेतून नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी गेले, १९६७ मध्ये. क्रूगर प्रिन्स्टनमधून अमेरिकेच्या श्रम खात्याचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले, परत शिकवायला आले आणि पुढे अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुखही झाले. आपल्याकडे प्राध्यापक समित्यांवर जातात, आयईएस अधिकारी अभ्यासरजा घेऊन संशोधन करतात. ही ये-जा ज्यांना साधते त्यांच्यात दोन सवयी दिसतात. विद्यापीठात असताना ते दोन पानांत, मुद्द्याला धरून लिहू शकतात. सरकारात असताना ते आकड्यामागची व्याख्या फाईलवर स्पष्ट नोंदवतात.

दुसऱ्या सवयीला कधी किंमतही मोजावी लागते. २०१७-१८ च्या पीएलएफएसचा अहवाल प्रसिद्ध होत नाही, या मुद्द्यावरून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. अहवाल मे अखेरीस जाहीर झाला, त्यात बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. असा प्रसंग प्रत्येकावर येतो असे नाही. रोजचा मोह लहान असतो. सोयीचे वर्ष निवडणे, सोयीची व्याख्या निवडणे, तळटीप गाळणे. विद्यापीठातही तो तेवढाच असतो, तिथे त्याला ‘निष्कर्ष लक्षणीय आला’ असे म्हणतात.

पहिल्या वर्षात करायच्या गोष्टी

१. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून पीएलएफएसचा कुटुंबनिहाय मूळ विदा उतरवून घ्या, तो विनामूल्य मिळतो. सोबतची प्रश्नावली आणि अन्वेषकांसाठीच्या सूचना आधी छापून वाचा. विदा नंतर उघडा.

२. अहवालातला एक छापील तक्ता स्वतः काढा. महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्त्रियांचा सहभाग-दर, उदाहरणार्थ. वजने न लावता काढलेला आकडा जुळणार नाही, लावल्यावर दशांशापर्यंत जुळला पाहिजे. तो जुळेपर्यंत नवा प्रश्न हातात घेऊ नका.

३. नमुन्याची मर्यादा ओळखा. राज्यासाठी भरवशाचा असलेला नमुना एका जिल्ह्यासाठी, त्यातही एका वयोगटासाठी तोकडा पडतो. ‘आमच्या जिल्ह्यातल्या तरुणींची बेरोजगारी’ असे शीर्षक देण्यापूर्वी आपल्या तक्त्यात मुळात किती तरुणी आहेत ते मोजा.

४. पाहणीत कोण निसटते ते शोधा. सहा महिन्यांच्या आत गावी परतणारे ऊसतोड कामगार, साइटवर राहणारे बांधकाम मजूर आपल्या घरोघर-पाहण्यांच्या चौकटीत नीट बसत नाहीत. तुमच्या जिल्ह्यात असा गट असेल, तर एमएच्या प्रबंधाला तोच विषय घ्या. मुकादमाची वही आणि कामगाराची आठवण यांतला फरक मोजणे हे स्वतंत्र संशोधन होऊ शकते. तिथे तुमचे मराठी हे दिल्लीतल्या संशोधकाकडे नसलेले भांडवल आहे.

५. दर आठवड्याला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला एखादा लेख आणि दर तिमाहीला ‘इंडियन जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स’चा अंक चाळा. हे नियतकालिक इंडियन सोसायटी ऑफ लेबर इकॉनॉमिक्स या संस्थेचे. तिचे वार्षिक अधिवेशन तरुण संशोधकांना आपले पहिले निबंध वाचायला चांगली जागा आहे.

६. महिन्यातून एकदा एका बातमीवर दोन पाने लिहा. दावा काय, आकडा कोणत्या पाहणीतला, व्याख्या कोणती, आधीच्या वर्षाशी तुलना चालते का, तुमचा निष्कर्ष काय. एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. वर्षाअखेर बारा टिपणे हातात असतील. मुलाखतीत आणि पीएचडीच्या प्रवेशात ती गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतात.

या बारा टिपणांतून तुम्हाला स्वतःबद्दलही एक गोष्ट कळेल. एकाच प्रश्नात तीन महिने अडकून पडायला आवडले, तर पीएचडीचा अर्ज भरा. दर वेळी नवा विषय घेऊन दोन पानांत तड लावायला मजा आली, तर आयईएसचा अभ्यास सुरू करा. आणि कोड, वजने, तळटिपा यांचाच कंटाळा आला असेल, तर अर्थशास्त्रात इतर चांगल्या शाखा पुष्कळ आहेत. हे पहिल्या वर्षात कळणे पाचव्या वर्षात कळण्यापेक्षा केव्हाही बरे.